सत्कार झाला, पुढची विचारपूस कोण करणार?

नीटचा निकाल लागला की आपल्या वस्तीत बॅनर लागतो. विहारात शाल, पुष्पगुच्छ, बाबासाहेबांची प्रतिमा. आईच्या डोळ्यांत पाणी येते. हे व्हायलाच हवे. पण पुढची साडेपाच वर्षे त्या लेकराला कोणी ‘झोप लागते का?’ असे विचारत नाही. विचारतात ते मार्क.

मी सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक आहे. माझ्या टेबलाशी पेशंटही येऊन बसतात आणि शिकणारी मुलेही. दोघांचे दुखणे पुष्कळदा एकच असते: मनातले बोलायला जागा नाही.

आपल्याकडची बाई पहाटे उठून केसपेपरच्या रांगेत उभी राहते. सांगते काय, तर डोके दुखते, छातीत धडधडते, हातापायांना मुंग्या येतात. रक्त तपासतात, ईसीजी काढतात, काही निघत नाही. नवऱ्याचे पिणे, बचत गटाचा थकलेला हप्ता, सासरी नांदणाऱ्या लेकीचे रडके फोन, यातले ती काहीच सांगत नाही. कारण समोरचा डॉक्टर म्हणतो, ‘लवकर बोल, मागे लाइन आहे.’ आईच्या वयाच्या बाईला अरेतुरे! ती गप्प होते आणि गोळ्या घेऊन घरी जाते.

तो निवासी डॉक्टरही शिकणारा विद्यार्थीच असतो. डॉक्टरांची सलग ड्युटी साधारणपणे १२ तासांपेक्षा जास्त नसावी, असे केंद्र सरकारने १९९२ मध्येच सांगितले आहे. प्रत्यक्षात काल सकाळी आलेला पोरगा आज दुपारीही वॉर्डात दिसतो. वरचे त्याच्यावर ओरडतात, तो पेशंटवर, पेशंटचे नातेवाईक पुन्हा त्याच्यावर. म्हणून डॉक्टरच्या अंगावर धावून जाणे मला मान्य नाही. तिथे आपलाच पोरगा असू शकतो.

पण सगळे थकव्यावर ढकलून मोकळे होता येणार नाही. थकवा आडनाव विचारत नाही. कॉलेजात मात्र पहिल्याच आठवड्यात ‘नीटला किती मार्क?’ असे विचारले जाते आणि तो प्रश्न मार्कांचा नसतो. २२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवी या आदिवासी मुलीने आपले जीवन संपवले. ती स्त्रीरोग विभागात पदव्युत्तर शिक्षण घेत होती. वरिष्ठ डॉक्टरांनी तिचा जातीवरून छळ केल्याचा आरोप घरच्यांनी केला आणि प्रकरण कोर्टात गेले. ती आईला फोनवर त्रास सांगत होती, आईने दादही मागितली होती. ज्यांनी ऐकायला हवे होते त्यांनी ऐकले नाही.

आपण तरी ऐकतो का? पोरगी म्हणाली, ‘मला इथे नको वाटतं,’ तर आपले उत्तर ठरलेले: ‘सहन कर, डिग्री घेऊन ये, समाजाचं नाव आहे.’ एका विद्यार्थिनीने मला सांगितले, ‘मॅडम, घरी रडले तर अख्खी वस्ती रडेल, म्हणून मी घरी हसूनच बोलते.’ वस्तीचा अभिमान असा एकट्या पोरीच्या पाठीवर ठेवायचा नसतो.

विनयपिटकात एका आजारी भिक्खूची कथा आहे. तो मलमूत्रात पडलेला होता. तो इतरांच्या उपयोगी पडत नाही म्हणून कोणी त्याच्याकडे बघत नव्हते. तथागतांनी आणि आनंदांनी स्वतः त्याला अंघोळ घातली, उचलून मंचकावर ठेवले. त्याच प्रसंगी तथागतांनी सेवा करणारा कसा असावा तेही सांगितले: किळस न करणारा आणि लोभासाठी सेवा न करणारा. आजाऱ्यालाही एक गोष्ट सांगितली, आपले दुखणे आहे तसे सांगावे. मला तर वैद्यकीय कॉलेजात पहिल्या दिवशी हीच कथा सांगावीशी वाटते.

ओपीडीत गेलात तर शरीराच्या दुखण्याबरोबर झोप, भूक, घरातला ताण हेही सांगा. सगळ्यांसमोर सांगता येत नसेल तर समाजसेवा अधीक्षकाचा टेबल विचारा, मोठ्या सरकारी रुग्णालयात तो असतो. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येते. कॉलेजात रॅगिंग होत असेल तर १८००-१८०-५५२२ वर तक्रार करता येते. लेकराला एकट्याने करायला लावू नका, शेजारी बसून करा. मरणाची भाषा कोणी केली तर ‘नाटक करतो’ म्हणू नका. त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

विहारांच्या कमिट्यांना माझी एक विनंती आहे. आपल्या समाजातले निवृत्त डॉक्टर, सिस्टर वस्तीत आहेत. महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर त्यांना तासभर बसवा आणि सुट्टीत आलेल्या मेडिकलच्या मुलांना त्यांच्याकडे पाठवा. त्या तासात शाल नको, भाषण नको आणि मार्कांची चौकशी तर मुळीच नको.