औषध माशाला, बिघाड पाण्यात

गोल्डफिश पाळणाऱ्या असंख्य घरांत आजारपणाचा एक क्रम ठरून गेलेला असतो. माशाच्या कल्ल्यांवर आणि परांवर बारीक पांढरे ठिपके दिसतात. दुकानदाराला विचारून निळे औषध आणले जाते, टाकीत ओतले जाते आणि आठवडाभरात ठिपके जातात. महिना उलटत नाही तोच शेपटीच्या कडा कुजू लागतात, मग दुसरी बाटली येते. पुढे एखाद्या माशाचे पोट फुगते, खवले उभे राहतात, तो तळाशी बसून राहतो आणि दोन-चार दिवसांत जातो. त्याच्या जागी नवा मासा येतो आणि सगळे पहिल्यापासून सुरू होते. दर वेळी आजाराचे नाव वेगळे, म्हणून औषधही वेगळे. माझे म्हणणे असे आहे की ही वेगवेगळी नावे बहुतेक वेळा एकाच बिघाडाची आहेत, तो बिघाड पाण्यात आहे, आणि औषधाची बाटली हाच पहिला उपाय मानला जातो तोवर तो दुरुस्त होणार नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार वर्षानुवर्षे चालू आहे.

गोल्डफिश हा कार्प कुळातला, म्हणजे आपल्या रोहू-कटल्याचा नातलग. त्याला जठर नसते. खाल्लेले थेट आतड्यात जाते, त्यामुळे तो दिवसभर काही ना काही टिपत राहतो आणि घाणही तेवढीच करतो. शरीरातला नायट्रोजनयुक्त कचरा तो मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात बाहेर टाकतो. तळ्यात हा अमोनिया भरपूर पाण्यात विरतो. काचेच्या टाकीत तो साचत जातो. त्याची विल्हेवाट लावतात ते फिल्टरच्या स्पंजवर आणि तळाच्या खड्यांवर वस्ती करणारे जीवाणू. त्यांचा एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा त्या नायट्राइटचे बऱ्याच अंशी निरुपद्रवी असे नायट्रेट करतो. ही वस्ती नीट बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत मासा आपल्याच विषात पोहत असतो. हे विष किती जहाल ठरेल हे पाण्याच्या सामूवरही अवलंबून असते. २५ अंश तापमानाच्या पाण्यात सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो; सामू ८ झाला की हेच प्रमाण पाच टक्क्यांच्या वर जाते. बोअरचे पाणी बऱ्याचदा अल्कधर्मी असते. त्यामुळे दोन घरांत सारखेच मासे, सारखेच खाणे असूनही एकाकडे मासे टिकतात आणि दुसऱ्याकडे मरतात, यात नशिबाचा काही भाग नसतो. अमोनियाने कल्ले सुजतात, अंगावरचा चिकट संरक्षक थर बिघडतो. नायट्राइट रक्तात शिरून त्याची प्राणवायू वाहण्याची क्षमता कमी करते आणि मग भरपूर हवा सोडलेल्या टाकीतही मासा वर येऊन तोंड उघडझाप करत राहतो. एरोमोनाससारखे जीवाणू गोड्या पाण्यात एरवीही असतातच. धडधाकट माशाला ते काही करत नाहीत. शेपटी कुजते आणि पोट फुगते ते बहुधा या आधीच खंगलेल्या माशाचे.

सर्वांत मोठे नुकसान मात्र स्वच्छतेच्या नावाखाली होते, आणि तेही मनापासून काळजी घेणाऱ्या घरांत. सुटीच्या दिवशी मासे बादलीत काढले जातात. टाकीतले सगळे पाणी उपसले जाते, काच घासली जाते, खडे परातीत घेऊन नळाखाली खळाळून धुतले जातात, फिल्टरचा स्पंज पिळून पिळून पांढरा केला जातो. टाकी नव्यासारखी लखलखते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार पाणीपुरवठ्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरलेले असावे लागते. जीवाणू मारण्यासाठीच ते असते आणि स्पंजवरचे जीवाणू त्यातून वगळले जात नाहीत. धुणे, पिळणे आणि क्लोरीन या तिन्हींच्या तडाख्यात महिनाभर जमत आलेली वस्ती उद्ध्वस्त होते. पुढच्या दोन-तीन दिवसांत पाणी आरशासारखे स्वच्छ दिसत असताना त्यात अमोनिया चढत असतो. अमोनियाला रंग नाही, आणि टाकीत चढतो तेवढ्या प्रमाणात वासही येत नाही. ‘पाणी तर रोज स्वच्छ असते, तरी मासे का मरतात?’ या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच वेळा इथे आहे. आठवड्याला पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदलावे, नवे पाणी क्लोरीन काढून घालावे, आणि स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलकेच खळबळावा. मळकट स्पंज पाहून ज्यांना अस्वस्थ वाटते त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की मासे त्या मळकटपणावरच जगत आहेत.

मग औषधे निरुपयोगी आहेत का? तसे मुळीच नाही. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग खरोखरच एका परजीवीमुळे होतो आणि त्याला औषध लागते. पण तो परजीवी जगतो कसा हे ठाऊक नसेल तर औषध वाया जाते. ठिपका दिसतो तेव्हा परजीवी माशाच्या त्वचेखाली सुरक्षित असतो, औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. वाढ झाली की तो गळून तळाशी बसतो, स्वतःभोवती कोष करतो आणि त्यातून शेकडो पिल्ले बाहेर पडून नवा मासा शोधू लागतात. औषध लागू पडते ते फक्त या पोहत्या पिल्लांवर. २५ अंशांच्या आसपास हे चक्र काही दिवसांत पुरे होते, थंड पाण्यात ते आठवडे लांबते. ठिपके गेले म्हणून तिसऱ्या दिवशी औषध थांबवणे म्हणजे तळाशी बसलेल्या पुढच्या पिढीला मोकळे रान देणे होय. दुसरीकडे, मिथिलिन ब्ल्यू म्हणजे तेच निळे औषध चालू टाकीत ओतले तर फिल्टरमधल्या उपयुक्त जीवाणूंनाही मारक ठरते. ठिपके जातात, अमोनिया येतो आणि तीन आठवड्यांनी शेपटी कुजते. घरच्यांना वाटते, नवा आजार आला. खड्याच्या मिठाचेही तसेच. नायट्राइट चढले असताना मीठ खरोखर उपयोगी पडते, कारण त्यातले क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. पण दर आठवड्याला सवयीने मूठभर मीठ टाकणाऱ्यांनी हेही पाहावे की पाणी वाफ होऊन उडते, मीठ उडत नाही. ते साचत जाते.

प्रतिजैविकांची गोष्ट याहून गंभीर आहे. निदान न करता, अंदाजाने, अर्ध्या मात्रेत कॅप्सूल फोडून टाकीत टाकण्याची पद्धत सर्रास आहे, आणि तिचा हिशेब केवळ त्या टाकीपुरता राहत नाही. ते पाणी शेवटी मोरीतच जाते. २००९ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शोभिवंत मासे आणि ते ज्या पाण्यातून आणले गेले ते पाणी, दोन्हींत अनेक औषधांना दाद न देणारे जीवाणू मोठ्या प्रमाणावर आढळले होते. भारतातही शोभिवंत माशांच्या शेतीत गोल्डफिशच्या घातक विषाणूची पहिली नोंद २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्या माशांत विषाणूच्या जोडीला बहुऔषध-प्रतिरोधक एरोमोनासही सापडला. त्या विषाणूवर औषध नाही आणि त्या जीवाणूवर नेहमीची औषधे चालत नाहीत. असे असताना बाटलीमागून बाटली रिकामी करणाऱ्याच्या हाती काय लागणार?

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो बिनबुडाचा नाही: मासे दुकानातूनच आजारी येतात, मग पाण्याला दोष का? चेन्नईतील कोळत्तूर किंवा पश्चिम बंगालमधल्या उत्पादकांकडून निघालेला मासा पिशव्यांत कोंबून, घाऊक आणि किरकोळ अशा दोन-तीन टाक्या पाहून आपल्या गावात पोचतो. वाटेत त्याला परजीवी लागला तर नवल नाही. म्हणूनच नवा मासा थेट मुख्य टाकीत न सोडता तीन-चार आठवडे वेगळा ठेवायला हवा. त्यासाठी फार काही लागत नाही. प्लॅस्टिकचा मोठा टब, एअर पंप आणि जुन्या टाकीतला वापरलेला स्पंज पुरतो. शिवाय औषध द्यायची वेळ आलीच तर ते त्या टबात देता येते, फिल्टरची वस्ती शाबूत राहते. पण आजार घेऊन आलेल्या माशांपैकी कोण तगतो आणि कोण जातो, हे त्याला पुढे कसे पाणी मिळते यावरही ठरते. आक्षेप खरा मानला तरी पाणी सुटत नाही.

दुसरा मुद्दा संख्येचा. फेंगशुईच्या सल्ल्याने आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ मासे ठेवण्याची रीत आपल्याकडच्या शहरी घरांत चांगलीच रुजली आहे. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी टाकी काठोकाठ भरली तरी तिच्यात ५६ लिटर पाणी मावते. खडे आणि सजावट वजा केली तर माशामागे सहा लिटरही उरत नाही. साधारणपणे एका गोल्डफिशला ७०-८० लिटर आणि पुढच्या प्रत्येकाला ४० लिटरच्या आसपास पाणी असावे, असे जाणकार सांगतात. त्यात आपला उन्हाळा. हा थंड पाण्याचा मासा, २० अंशांच्या आसपास खुशीत असणारा. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसात. माशाची गरज वाढते तेव्हाच पुरवठा घटतो. याच रिवाजाबरोबर एक समजूतही आली आहे: मासा मेला म्हणजे घरावरचे संकट त्याने आपल्यावर घेतले. श्रद्धेचा मान राखूनही म्हणावेसे वाटते की या समजुतीने माशांचे फार वाईट झाले आहे. मृत्यूला अर्थ मिळाला की कारण शोधायची गरज उरत नाही. नववा मासा बाजारातून येतो आणि त्याच पाण्यात पडतो.

‘मुंबईच्या वन रूम किचनमध्ये दीडशे लिटरची टाकी कुठे ठेवायची?’ असे विचारले जाईल. प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर टाकी लहान ठेवून नऊ मासे दाटणे हे नाही. जागा नसेल तर गोल्डफिश पाळू नये. लहान टाकीत सुखाने राहतील असे इवल्या आकाराचे मासे मिळतात. ‘पूर्वी बरणीतही जगायचे की’ असे म्हणणाऱ्यांनी ते किती जगायचे हे आठवावे. चांगल्या पाण्यात गोल्डफिश दहा-पंधरा वर्षे जगतो आणि वीतभर तरी वाढतो. बरणीतला मासा वर्षभर तगला, याला जगणे म्हणता येत नाही. आणि ‘पन्नास रुपयांच्या माशासाठी एवढा खटाटोप?’ हा प्रश्न मला सर्वांत खटकतो. किंमत माशाच्या पैदाशीची आहे. त्याला गुदमरण्याचा त्रास त्या किमतीच्या हिशेबाने कमी होत नाही.

आज ज्यांच्या टाकीत आजारी मासा आहे त्यांनी औषधाआधी अमोनिया, नायट्राइट आणि सामू तपासावेत. थेंब टाकून रंग पाहायचे किट बाजारात मिळते. अमोनिया किंवा नायट्राइट दिसले तर खाणे थांबवून रोज थोडे थोडे पाणी बदलावे. पाणी ठीक निघाले तरच परजीवीचा संशय घ्यावा, आणि शक्य असेल तर मत्स्यविज्ञान जाणणाऱ्याकडून अंगावरचा चिकट थर सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्यावा. अशी सोय सगळीकडे नाही, हे खरे. म्हणूनच सुरुवात दुकानाच्या काउंटरवर व्हायला हवी. इटलीत रोम शहराने २००५ मध्ये गोल भांड्यात गोल्डफिश ठेवायला मनाई केली. आपल्याकडे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा माणूस सोडून प्रत्येक सजीवाला प्राणी मानतो, आणि हालचालीला पुरेशी जागा नसलेल्या पिंजऱ्यात किंवा भांड्यात प्राणी ठेवणे गुन्हा ठरवतो. काचेच्या बरणीतला मासा या शब्दांच्या बाहेर कसा राहतो, हे मला समजत नाही. विक्रेत्याने माशाच्या किमतीशेजारी त्याला लागणारे लिटर लिहावेत, आणि टाकी व मासे एकाच दिवशी विकू नयेत, एवढी मागणी तरी वाजवी आहे. यात धंदा बुडेल असे वाटत नाही. ज्याचे मासे जगतात तो खाद्य, वनस्पती आणि मोठी टाकी घ्यायला पुन्हा येतो, ज्याचे मरतात तो वर्षभरात रिकामी टाकी माळ्यावर टाकतो. विक्रेते हे आपणहून करत नसतील तर गिऱ्हाईकाने विचारावे: हा मासा केवढा होईल, त्याला किती पाणी लागेल, टाकी किती दिवस आधी चालू करायची? उत्तर मिळाले नाही तर त्या दिवशी फक्त टाकी आणि फिल्टर घेऊन घरी यावे, आणि मासे महिन्याभराने आणावेत.