पायलट व्हायचे, पण कोणाच्या पदरी?

या लेखाचा विषय सांगितला तेव्हा संपादक मंडळातल्या एका मित्राने विचारले, "कला शाखेच्या अंकात विमानकंपन्यांचे काय काम?" प्रश्न अगदीच गैर नव्हता. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी बारावीला फिजिक्स आणि गणित हवे, ही अट आपल्याकडे वर्षानुवर्षे चालत आली. २०२५ साली ती शिथिल करावी अशी चर्चा सुरू झाली, इतकेच. कला शाखेतल्या ज्यांना उडण्याची हौस, त्यांनी ते दोन विषय मुक्त विद्यालयातून द्यायचे, हा रुळलेला रस्ता. परंतु परवाना कसा मिळवावा हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. परवाना हाती आल्यावर चाकरी कोणाची धरावी, एवढ्यापुरतेच मला बोलायचे आहे. हा प्रश्न थोडा अर्थशास्त्राचा आहे आणि बराचसा माणसाच्या झोपेचा.

शिवाय हा विषय आता आपल्यापासून दूर राहिलेला नाही. बारामतीच्या धावपट्टीवरून शिकाऊ विमाने उडतात, तशीच ती गोंदिया, शिरपूरकडेही उडतात. आमच्याकडे उसाच्या फडात काम करणारी माणसे त्यांच्या घरघरीने मान वर करीनाशी झाली, यावरूनच काय ते ओळखावे. वैमानिक ही श्रीमंतांच्या मुलांची हौस होती, ती मध्यमवर्गाच्या कर्जाची बाब झाली आहे.

निवडीचा प्रश्न मात्र अगदी अलीकडचा. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी पुस मॉथ विमानातून टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहू गाठले, तेव्हा कोणत्या कंपनीत जावे हा पेच त्यांना पडण्याचे कारण नव्हते. कंपनी घरचीच होती! प्रेम माथुर या भारताच्या पहिल्या महिला व्यावसायिक वैमानिक. त्यांना आठ कंपन्यांनी नकार दिल्यावर हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने १९४७ साली घेतले. म्हणजे निवड झाली, पण ती कंपन्यांनी केली. १९५३ साली राष्ट्रीयीकरण झाले आणि देशात उडायचे तर इंडियन एअरलाइन्स, परदेशी उडायचे तर एअर इंडिया, असा मामला झाला. १९८५ साली कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी कलकत्ता ते सिल्चर हे फोकर विमान नेले, त्यात सगळा चालकवर्ग स्त्रियांचा होता. मला या घटनेचा अभिमान वाटतो. पण त्यांच्या पिढीला तीन कंपन्यांची पत्रे समोर ठेवून विचार करीत बसण्याची चैन नव्हती, हेही खरे.

ही चैन (की चिंता?) खाजगी कंपन्यांबरोबर आली. आणि इथे मी आमच्या घरातले एक उदाहरण देते. माझ्या मामेभावाने परवाना काढला. २०० तास उड्डाण, परीक्षा, वैद्यकीय तपासणी, सगळे मिळून खर्च पन्नास लाखांच्या घरात गेला. मामाने बँकेकडे जमीन तारण ठेवली. परवान्यानंतर दीड वर्ष दादा घरी बसून होता. कुणी "काय, विमान कधी?" असे विचारले की तो मागच्या दाराने निघून जाई. मग एकाच महिन्यात दोन ठिकाणांहून बोलावणे आले. कंपन्यांची नावे मी देत नाही. एकीकडे मोठे जेट विमान, बेस दिल्ली. दुसरीकडे पंख्यांचे एटीआर, बेस हैदराबाद, पगार कमी. दोन्हीकडे बॉण्ड.

मामा म्हणाला, "अरे, नाव मोठं तिकडं जा. लोकांनी ऐकलेलं पाहिजे." दादा म्हणाला, "दादासाहेब, तुम्ही म्हणता ते खरं, पण दिल्लीचं भाडं कोण भरणार?" आणि मामी स्वयंपाकघरातून म्हणाली, "ते राहू द्या. झोपायला कुठं मिळेल ते आधी विचार." सगळे हसले. मी त्या दिवशी तिथे होते. मामी कुठल्याच विमानात कधी बसलेली नाही, पण त्या बैठकीतला सर्वांत शहाणा प्रश्न तिचा होता, असे माझे मत आहे.

आधी मामाचा मुद्दा घेऊ. मोठे नाव! ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त ही नावे आमच्या आईवडिलांना आठवतात, आम्हांला ती सामान्यज्ञानाच्या पुस्तकात सापडतात. किंगफिशर २००५ साली थाटामाटात उडाली आणि २०१२ साली थांबली. जेट एअरवेज १९९३ पासून चालू होती. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री तिचे शेवटचे विमान उतरले. गो फर्स्टने मे २०२३ मध्ये उड्डाणे बंद केली. विस्तारा बुडाली नाही, पण १२ नोव्हेंबर २०२४ रोजी ती एअर इंडियात विलीन झाली आणि नाव पुसले गेले. परदेशात निराळे नाही. पॅन ॲम १९९१ साली मिटली, आणि स्विसएअरची विमाने २ ऑक्टोबर २००१ रोजी पैशाअभावी जागच्या जागी उभी राहिली.

आता हिशेब पाहा. तेवीस वर्षांचा मुलगा वयाच्या पासष्टीपर्यंत प्रवासी विमान चालवू शकतो. म्हणजे बेचाळीस वर्षे. १९९० नंतर जन्मलेल्या एकाही कंपनीचे वय अजून तेवढे झालेले नाही. तेव्हा आयुष्यभराची कंपनी निवडतो आहोत या भ्रमातच कुणी राहू नये. एस.टी.त किंवा शाळेत जी ज्येष्ठता असते तशीच ती इथेही असते. कमांड केव्हा मिळणार, बेस कोणता, दिवाळीची रजा कुणाला, हे पुष्कळ अंशी तिच्यावर ठरते. कंपनी गेली की ती यादीही जाते. अनुभवी कॅप्टनला दुसरीकडे कॅप्टन म्हणून घेतात, निदान आपल्याकडे तरी. मधल्यामध्ये लटकतो तो थोड्या तासांचा सहवैमानिक.

म्हणून माझे पहिले म्हणणे असे की, विमानाच्या शेपटीवरच्या रंगाइतकेच, किंबहुना त्याहून जास्त, विमानाच्या जातीकडे पाहावे. परवान्यावर ज्या विमानाचे टाइप रेटिंग, तेच विमान चालवता येते. गो फर्स्ट बंद पडली तेव्हा तिच्या वैमानिकांकडे एअरबस ३२० चे रेटिंग होते, आणि तीच विमाने इंडिगो व एअर इंडियाकडे होती. जेटच्या बोईंग ७३७ वाल्यांपैकी अनेकांना स्पाइसजेटने घेतले, कारण तिच्याकडेही ७३७ च होती. एटीआरचे तसे नाही. ते चालवणाऱ्या कंपन्या मोजक्याच. पण लहान गावी उतरणारे, दिवसातून चारदा चढउतार करणारे ते विमान हात घडवते, असे जुनी माणसे सांगतात. आखाती देशांच्या कंपन्यांचा मोह मी इथे सोडून देते. पगार मोठा, विमाने प्रचंड, हे खरे; पण २०२० साली कोरोना आला तेव्हा तिथेही वैमानिकांना घरी पाठवले गेले, आणि घर तर समुद्रापलीकडे.

आता मामीचा प्रश्न. त्यावर मला जास्त बोलायचे आहे, कारण त्यात आपण सगळे, म्हणजे मागे पट्टा बांधून बसणारे प्रवासीही, येतो.

२२ मे २०१० च्या सकाळी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान मंगळूरच्या धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळले. १५८ माणसे गेली. चौकशीत निघाले की, रात्रीच्या त्या प्रवासात कॅप्टन बराच वेळ झोपलेले होते, आणि झोपेतून उठल्यानंतर येणारी बधिरता निर्णयाच्या आड आली. सहवैमानिकाने 'गो अराउंड', म्हणजे उतरू नका, पुन्हा वर न्या, असे तीनदा सुचवले होते. मी हे वाचले तेव्हा बराच वेळ त्या तीन हाकांपाशी थांबले. हाक देणारा होता. ती ऐकली जाईल अशी सवय नव्हती. अमेरिकेत १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री बफेलोजवळ कोल्गन एअरचे विमान पडले आणि पन्नास माणसे मेली. त्यातली सहवैमानिक आदल्या रात्री देशाच्या दुसऱ्या टोकाहून, सिअॅटलहून, विमानात बसून कामाच्या गावी नुवर्कला आली होती. बेस एका टोकाला, घर दुसऱ्या टोकाला. दादाने "दिल्लीचं भाडं" म्हटले तो मुद्दा असा पैशापुरता राहत नाही.

आपल्या सरकारी महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, जानेवारी २०२४ मध्ये विश्रांतीचे नवे नियम काढले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास. रात्री उतरण्याची मर्यादा सहावरून दोनवर. कंपन्यांनी कुरकुर केली, तारीख पुढे गेली, आणि शेवटी १ जुलै व १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत नियम लागू झाले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात काय झाले ते आपण पाहिले. देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीची, इंडिगोची, हजारो उड्डाणे रद्द झाली, विमानतळांवर बॅगांचे डोंगर साचले, लग्नांचे मुहूर्त चुकले. मग नियमांना तात्पुरती सूट देण्यात आली.

त्या दिवसांत जो तो म्हणत होता, "या नियमांनी घोटाळा केला." मला हे पटत नाही. परीक्षेचे वेळापत्रक दोन वर्षे आधी लागले आणि विद्यार्थी आदल्या रात्री म्हणू लागला की वेळापत्रकच वाईट, तर आमचे प्राध्यापक काय म्हणतील? दोष नियमाचा नव्हता. पुरेसे वैमानिक न ठेवण्याचा होता. आणि संकट आले तेव्हा सर्वांत आधी सोडले गेले ते वैमानिकाच्या झोपेवरचे पाणी, ही गोष्ट मला फार लागली.

कुणी म्हणेल, महिन्याला लाखांनी मोजणाऱ्यांचे रडगाणे कशाला? कॅप्टनचा पगार मोठा असतो, मान्य. पण पगाराने झोप भरून निघत नाही. त्या दृष्टीने रात्रपाळीचा नर्स आणि रात्रपाळीचा कॅप्टन यांत मला भेद दिसत नाही. आणि करार तरी किती एकतर्फी आहे पाहा. २०१७ च्या नियमाप्रमाणे कॅप्टनने नोकरी सोडायची तर एक वर्ष आधी सांगायचे, सहवैमानिकाने सहा महिने आधी. २०२३ साली आकासा एअरचे ४३ वैमानिक मुदत न पाळता निघून गेले, कंपनीला उड्डाणे रद्द करावी लागली, प्रकरण न्यायालयात गेले. प्रवाशांचे हाल झाले, ते बरे झाले असे मी म्हणणार नाही. पण किंगफिशर आणि जेट बंद पडल्या तेव्हा वैमानिकांचे कित्येक महिन्यांचे पगार थकलेले होते. कंपनीने बंद पडण्यापूर्वी सहा महिने आधी कोणाला पत्र धाडल्याचे माझ्या ऐकिवात नाही!

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी कुणाच्या घरी अशी दोन पत्रे आली, तर मुलाखत घेणाऱ्या साहेबांना फार काही विचारू नका; ते चांगलेच सांगणार. त्याच कंपनीत दोन वर्षे काढलेला एखादा सहवैमानिक गाठा. त्याला चहा पाजा. गेल्या महिन्यात घरी किती रात्री झोपलास, हे विचारा. रोस्टर किती दिवस आधी मिळते आणि आदल्या संध्याकाळी ते किती वेळा बदलते, हे विचारा. बॉण्डची रक्कम कंपनी बुडाली तर कोण कुणाला देणार, हे कागदावर कुठे लिहिले आहे ते दाखव म्हणा. आणि सगळ्यांत शेवटी, तो जरा मोकळा झाल्यावर विचारा की, "मी थकलो आहे, आज उडणार नाही," असे कधी कळवले होतेस का, आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयात काय झाले?

दादाने दोन्हीकडच्या मुलांना हे प्रश्न विचारले. मोठ्या नावाच्या कंपनीतला मुलगा शेवटच्या प्रश्नावर नुसता हसला आणि म्हणाला, "तसं कोण कळवतं?" एटीआरवाल्याने सांगितले, एकदा कळवले होते, फोनवर वरिष्ठ चिडले, पण दुसरा माणूस पाठवला आणि पुढच्या महिन्याचे रोस्टर होते तसेच राहिले. दादा हैदराबादला गेला. मामा अजून नाराज आहे, आणि कारखान्यावर कुणी विचारले तर कंपनीचे नाव न सांगता "मुलगा विमानात आहे" एवढेच म्हणतो.