बाईंची सूची आणि रिकामे पाट

वाचकहो, या पानावर आम्ही सहसा संगणकाच्या वाटेस जात नाही. ते यंत्र आमच्या पिढीने भाचे-पुतण्यांच्या स्वाधीन केले आहे, आणि त्यांनीही आम्हांस फारसे जवळ येऊ दिलेले नाही. परंतु गेल्या पावसाळ्यात कृष्णपुऱ्यात असे एक प्रकरण घडले की त्याचा उलगडा होईपर्यंत आम्हांस झोप लागेना. गुंता यंत्राचा होता खरा, पण भोग एका वृद्ध स्त्रीच्या वाट्यास आले.

छत्र्यांपासून हाकेच्या अंतरावर, एका जुन्या घराच्या माडीवर, आमच्या मंडळींचे छोटेसे वाचनालय आहे. घराघरांतून आलेले ग्रंथ तेथे साठत गेले. कोणाच्या आजोबांचे, कोणाच्या सासऱ्यांचे. त्यांची यादी कार्डांवर होती, आणि ती कार्डे पिवळी पडून तुटू लागली होती. ती संगणकात उतरविण्याचे काम एका निवृत्त शिक्षिकेने आपणहून पत्करले. वय अठ्ठ्याहत्तर. सारा मोहल्ला त्यांना नुसते 'बाई' म्हणतो. ह्रस्व-दीर्घाच्या बाबतीत बाई किती कडक होत्या हे विचारायचे असेल तर आज साठीत असलेल्या कोणत्याही विद्यार्थ्यास विचारावे. तो नकळत हात मागे घेतो.

रोज सकाळी दोन तास बसून बाई चाळीसेक कार्डे टंकित करीत. रात्री दोन वाजता आमच्या भाच्याने लिहिलेला एक प्रोग्रॅम जागा होई, दिवसभराच्या नोंदी मुख्य सूचीत जोडी, एक प्रत दुसऱ्या फाइलीत ठेवी, आणि दिवसाची फाइल कोरी करून पुन्हा झोपी जाई. कोणी समोर नसताना असे निमूटपणे काम करणाऱ्या प्रोग्रॅमला तिकडे 'डीमन' म्हणतात. १९६३ साली अमेरिकेतील एम.आय.टी.च्या मंडळींनी मॅक्सवेल या शास्त्रज्ञाच्या काल्पनिक डीमनवरून ते नाव उचलले. भुताखेतांशी त्याचा संबंध नाही. आम्ही हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झाले त्यावर आमच्या एका वर्गणीदाराने, छत्र्यांच्या सान्निध्यात दुसरे काय होणार, असा शेरा मारला होता.

एके दिवशी सकाळी बाई आमच्या घरी आल्या. चहा घेतला नाही. पिशवीतून वाचनालयाची किल्ली काढून त्यांनी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "भाऊ, हे काम आता दुसऱ्या कोणाला द्या. माझं डोकं ठिकाणावर राहिलेलं नाही."

आम्ही काही बोललो नाही. त्यांनीच सांगितले. सूची सहज मागे चाळून पाहावी म्हणून उघडली, तर गेल्या तीन आठवड्यांच्या नोंदींमध्ये मधूनच एक वाक्य आलेले. एकदा नव्हे, तेच वाक्य दहा-दहा वेळा, ओळीखाली ओळ. शिवाय ग्रंथकर्त्याचे नाव अर्ध्यावर तुटलेले, आणि तुटलेल्या जागी भलतेच चौकोनी चिन्ह. आपण हे केव्हा लिहिले ते त्यांना आठवेना. त्यांच्या थोरल्या बहिणीची अखेरची वर्षे आम्हांस ठाऊक होती. तीही एकच वाक्य दिवसभर पुनःपुन्हा म्हणे. त्यामुळे बाईंच्या मनात काय आले असेल हे त्यांनी सांगण्याची गरज नव्हती. घरी त्या कोणास काहीच बोलल्या नव्हत्या.

आम्ही त्यांच्याबरोबर माडीवर गेलो. पडद्यावर ते वाक्य होते : 'नोंद पुर्ण झाली'. पुढे आकडा. खाली पुन्हा तेच, पुढचा आकडा.

आमची नजर आकड्यांकडे गेली नाही. ती 'पुर्ण' वर अडली. पहिला उकार! ज्या हातांनी चाळीस वर्षे 'पूर्ण'चा ऊकार दीर्घ करविला, ते हात डोके फिरले तरी असे लिहिणार नाहीत. आणि हा ह्रस्व 'पुर्ण' आमच्या ओळखीचा होता. आमच्या भाच्याच्या शाळकरी पत्रांत 'परिक्षा पुर्ण झाली' असे असे, आणि त्याची आई ती पत्रे तांबड्या शाईने दुरुस्त करून आम्हांस वाचावयास देई.

भाचा पुण्यास असतो. त्यास फोन केला. प्रथम तो म्हणाला, "मामा, ते वाक्य माझंच आहे, पण ते सूचीत जाऊच शकत नाही. तो नुसता माझ्यासाठी निरोप आहे, प्रोग्रॅम कुठपर्यंत आला ते कळावं म्हणून." शनिवारी तो इंदूरला आला, माडीवर बसला, आणि आमच्यादेखत त्याने प्रोग्रॅम चार वेळा चालवून दाखविला. चारही वेळा निरोप पडद्यावर उमटले आणि सूची निर्मळ राहिली. समोर बसले की शहाण्यासारखा वागणारा आणि पाठ फिरली की बिघडणारा हा प्रकार पाहून बाईंच्या चेहऱ्यावर पुन्हा तीच छाया आली. "म्हणजे मीच," त्या हळूच म्हणाल्या.

भाच्याने मान हलविली आणि बराच वेळ तो गप्प बसला. मग त्याने जे शोधले ते आम्ही आमच्या कुवतीप्रमाणे सांगतो.

हा संगणक लिनक्स प्रणालीवर चालतो. तिची घडण युनिक्सची, आणि युनिक्स ही १९६९ पासून अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी उभारलेली. तेथे कोणताही प्रोग्रॅम फाइल उघडतो तेव्हा त्यास एक क्रमांक मिळतो. पुढील सारे लिहिणे-वाचणे त्या क्रमांकानेच होते. यास फाइल-डिस्क्रिप्टर म्हणतात. पहिले तीन क्रमांक रूढीने ठरलेले आहेत : शून्यावरून वाचावयाचे, एकावर सांगावयाचे, दोनावर तक्रार करावयाची. आणि हे तिन्ही प्रोग्रॅम स्वतः उघडीत नाही. ज्याने त्यास जन्म दिला त्याच्याकडून ते वारशाने येतात.

वारशाचे हे स्वरूप कृष्णपुऱ्यास नवे नाही. ज्या दुसऱ्या तुकोजीरावांची छत्री येथे नदीकाठी उभी आहे, ते १८४४ साली कृष्णाबाईंच्या पुढाकाराने लहान वयात गादीवर आले. त्यांच्या जन्माआधी, १८१८ मध्ये, झालेला मंदसोरचा तह त्यांच्या स्वाधीन आयताच आला. आपण न उघडलेली खाती अशी चालू स्थितीत हाती येतात. प्रोग्रॅमचेही तसेच. पडद्यावरील खिडकीतून चालविला तर त्याचे तिन्ही क्रमांक त्या खिडकीस जोडलेले असतात. खिडकी गेली की त्यांचे काय?

याच प्रश्नावर भाचा आधी दोनदा ठेचकाळला होता. अगदी प्रथम त्याने इंदुरात प्रोग्रॅम चालू केला, खिडकी बंद केली आणि प्रोग्रॅम मेला. खिडकी मिटताना प्रणाली 'हँगअप'चा इशारा देते. हे नाव टेलिफोनच्या काळातले आहे, तार तुटली की काम आवरा म्हणून. त्यावर 'नोहप' नावाची आज्ञा आहे. ती वापरल्यावर इशाऱ्याकडे दुर्लक्ष होऊ लागले, निरोप एका वेगळ्या फाइलीत साठू लागले, आणि काही महिने सुखाचे गेले. पुढे एका पावसाळी रात्री वीज गेली, संगणक बंद पडला, आणि भाच्याला पुण्याहूनच तो प्रोग्रॅम पुन्हा चालू करावा लागला. या वेळी निरोपांची वाट एका नळीतून पुण्यापर्यंत जात होती. प्रोग्रॅमने ती धरून ठेवल्यामुळे पुण्याची खिडकी मोकळी होईना. त्याने जोडणी तोडली. प्रोग्रॅम जिवंत राहिला, पण रात्री दोन वाजता पहिले 'नोंद पुर्ण झाली' उच्चारताच संपला. पलीकडे ऐकणारा कोणी उरलेला नसताना नळीत बोलणाऱ्यास प्रणाली तेथल्या तेथे थांबविते. नोहपचे कवच येथे उपयोगी नाही. हा इशाराच निराळा.

तेव्हा त्याने कोठेतरी वाचलेला तोडगा केला : जन्मतःच तिन्ही क्रमांक बंद करून टाकावयाचे. कोणाशी संबंध नाही, मग तुटणार काय? पुण्याची खिडकी तत्काळ मोकळी झाली. प्रोग्रॅमही जगला. भाचा समाधानाने झोपला, आणि बाईंचे तीन आठवडे तेव्हापासून सुरू झाले.

आता त्याने माडीवर बसून प्रोग्रॅम नेमका त्याच रीतीने, तिन्ही वारसे बंद करून, चालू केला. फक्त काम करता करता मध्येच पाच मिनिटे थांब एवढी एक ओळ आत घातली. लिनक्समध्ये 'प्रॉक' नावाची एक निर्देशिका असते. चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमच्या हाती कोणत्या क्रमांकावर काय आहे ते तीत पाहता येते. त्याने ती उघडली आणि "अरे देवा" म्हणाला. शून्यावर दिवसाच्या नोंदी. एकावर मुख्य सूची. दोनावर तिची प्रत.

आम्हांस ते पंगतीच्या हिशेबाने उमगले. युनिक्सचा दंडक असा की नव्याने येणाऱ्यास सर्वांत पहिला जो पाट रिकामा असेल तो द्यावयाचा. एरवी पहिले तीन पाट भरलेले असतात, म्हणून प्रोग्रॅमने उघडलेल्या फाइली तिनापासून पुढे बसतात. येथे तिन्ही पाट उठविलेले. तेव्हा सूची येऊन एक क्रमांकाच्या पाटावर बसली. वाढप्यास मात्र हे कोणी कळविले नव्हते. निरोप एकावर वाढावयाचा एवढेच त्यास ठाऊक. तो वाढत राहिला, सूचीच्या पानात. साल नसलेल्या कार्डाविषयीची तक्रार दोनावर, म्हणजे प्रतीच्या पानात. ही चूक कोठेच 'चूक' म्हणून नोंदली जात नाही. प्रणालीच्या दृष्टीने सारे यथासांग चाललेले असते, आणि याहून वाईट बिघाड आम्हांस सुचत नाही.

आणि नावे मध्येच का तुटली? प्रोग्रॅम नोंदी एकेक करून लिहीत नाही. ४,०९६ बाइट भरले की एकदम एक हप्ता टाकतो. निरोप मात्र भाच्याने 'तत्काळ लिही' असे बजावले होते. त्यामुळे दहाएक नोंदींचे निरोप आधी उतरत आणि मागून नोंदींचा हप्ता येई, तोही जेथे ४,०९६ भरले तेथेच तुटलेला. मग पुन्हा दहा निरोप. प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. हप्त्याची कात्री कधी कधी चिन्हाच्या पोटातूनच जाई. चौकोनी चिन्हे म्हणजे ती अर्धी अक्षरे. बाईंना आपले वाटलेले ते दहा वेळांचे पुनरुच्चारण असे होते.

उपाय एका ओळीचा निघाला. पाट उठवावयाचे नाहीत. त्यांवर कोणास तरी बसवावयाचे. यजमानीण हजर नसली की सुपारी मांडून विधी पार पाडतात, तशी युनिक्समध्ये एक सुपारी आहे, 'डेव्ह-नल' नावाची. तिच्यावर काहीही लिहा, ते नाहीसे होते. तिच्याकडून वाचावयास जा, काही मिळत नाही. पण पाट अडलेला राहतो. भाच्याने शून्यावर सुपारी बसविली, आणि एक व दोन हे पाट निरोपांच्या वेगळ्या फाइलीस दिले. जाणत्यांच्या जगातही ही ठेच जुनीच आहे. २००२ साली फ्रीबीएसडी या प्रणालीत असे आढळले की विशेष अधिकार असलेला प्रोग्रॅम मुद्दाम हे पाट रिकामे ठेवून चालू केला, तर त्याचा निरोप भलत्या फाइलीत लिहवून घेता येतो. तेव्हा अशा प्रोग्रॅमांपुरते तीन पाट प्रणालीनेच भरावे अशी दुरुस्ती झाली. साध्या प्रोग्रॅमांस हे संरक्षण नाही. त्यांनी आपली सुपारी आपण मांडावी. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी' या पुस्तकावरून आमचा भाचा सी ही भाषा शिकला. पाटाचा हा धडा मात्र तो बाईंच्या जिवावर शिकला, हे आम्ही त्यास तेथेच सुनावले.

नोंदी गेल्या नव्हत्या. निरोप आणि नोंदी एकाच पाटावरून एकापुढे एक लिहिले गेल्यामुळे कोणी कोणास पुसले नव्हते, फक्त मध्ये घुसले होते. 'पुर्ण'च्या साऱ्या ओळी वेचून काढल्या आणि कडा जोडल्या तेव्हा अर्धी अक्षरे आपोआप सांधली गेली. प्रतीत घुसलेल्या तक्रारींच्या जागा निराळ्या असल्याने दोन्ही फाइली एकमेकींशी ताडूनही पाहता आल्या. रविवारी दुपारपर्यंत तीन आठवडे परत आले. बाई शेजारी कार्डांचा गठ्ठा घेऊन बसल्या होत्या; एकेक नाव वाचून मिळवीत होत्या. त्यांनी पहिल्या शंभरांत एकही चूक न निघाल्यावर चष्मा काढून पुसला, आणि त्या मुलास विचारले, "म्हणजे मी एकदाही लिहिलं नाही ते?"

"एकदाही नाही, बाई."

किल्ली आमच्या टेबलावर आठ दिवस पडून होती, ती त्यांनी जाताना मागून घेतली. जिन्याच्या दोन पायऱ्या उतरून त्या पुन्हा वर आल्या. निरोप आता वेगळ्या फाइलीत जातो हे ठीक, पण तेथेही तो ह्रस्वच जातो आहे ना, अशी त्यांची पृच्छा होती. भाच्याने 'पूर्ण' करून दाखविले. बाईंनी पडद्याजवळ जाऊन ते पाहिले आणि त्यास दहा वेळा लिहावयास सांगितले, कागदावर.