लिलावातली तलवार आणि वाटखर्च
नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघुजीराजे यांची तलवार राज्य सरकारने एप्रिल २०२५ मध्ये लंडनमधील लिलावातून मध्यस्थामार्फत मिळवली. हाताळणी, वाहतूक व विमा धरून खर्च आला ४७ लाख १५ हजार रुपये. लिलावाचा व्यवहार भावनेवर चालत नाही. विकणाऱ्याचे नाव बहुधा गुलदस्त्यात राहते, बोलीवर लिलावगृहाचे कमिशन चढते आणि वाहतुकीचा भार खरेदीदारावरच पडतो. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या वस्तू खासगी व्यक्तींना परदेशी पाठवता येत नाहीत. पण त्याआधीच गेलेल्यांचे काय? शिवाय नृसिंहवाडीपासून नागपूरपर्यंत जुन्या वाड्यांतील शस्त्रांची नोंद आजच झाली नाही, तर उद्या आपलाच वारसा वाटखर्चासह विकत घ्यावा लागेल.