दंड वयाला, सूट गळतीला

मोटारीचे वय आणि मोटारीची अवस्था या दोन भिन्न गोष्टी होत. परंतु आपल्या वाहनविषयक धोरणाने त्या बव्हंशी एकच मानल्या आहेत. १५ वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून एकदम ५,००० रुपयांवर नेण्यात आले. प्रदूषण आटोक्यात आणण्याचा त्यामागील हेतू स्तुत्यच आहे. प्रश्न एवढाच, की हा दंड धुराला आहे की जन्मतारखेला?

सायलेन्सरच्या गळतीचे साधे उदाहरण घ्यावे. एक लिटर पेट्रोल जळले म्हणजे सुमारे तितकेच पाणी वाफेच्या रूपाने निर्माण होते. घर ते कचेरी अशा जवळच्या फेऱ्यांत नळी पुरेशी तापत नाही. वाफेचे आतच पाणी होते आणि पत्रा आतून गंजतो. छिद्र पडले की आवाज वाढतो, आणि ‘आवाजच तर आहे’ असे म्हणून मालक स्वस्थ बसतो. वस्तुतः धोका कार्बन मोनॉक्साइडचा असतो. या वायूला ना रंग, ना वास. आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक आसक्तीने संयोग पावतो. गाडीचा तळही गंजलेला असेल, तर तो थेट आत बसलेल्या मुलाबाळांपर्यंत पोहोचतो.

आता तपासणीचा प्रकार पाहा. धूर मोजला जातो तो नळीच्या शेवटच्या टोकाशी. वाटेत गळती आहे की नाही हे आधी पाहिले नाही, तर काही धूर मध्येच निसटतो, बाहेरची हवा आत शिरते आणि नमुना पातळ होतो. आकडा सुधारतो, हवा सुधारत नाही!

ही गळती काढणे पुष्कळदा घरच्या घरी शक्य असते. गाडी उघड्या जागेत, सपाट जमिनीवर उभी करावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर तिच्याखाली कदापि शिरू नये, भक्कम टेकू द्यावेत. इंजिन थंड असतानाच सुरू करून फुसफुस कोठे होते ते ऐकावे, सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत, काजळीचे डाग शोधावेत. लहान छिद्राला उष्णतारोधक लेप आणि वरून पत्र्याची पट्टी क्लॅम्पने आवळली, सांध्यात नवे गास्केट बसवले, की बहुधा काम भागते. नळीची चाळणीच झाली असेल, तर मात्र वेल्डिंगवाल्याकडे जाणे किंवा नळी बदलणे हाच शहाणपणा.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने गंमत अशी, की मालकाचे हे श्रम राष्ट्रीय उत्पन्नात कोठेच धरले जात नाहीत. उलट नव्या मोटारीचे उत्पादन त्यात पुरेपूर धरले जाते. तिच्या पोलादासाठी अन्यत्र निघालेला धूर मात्र वजा होत नाही. अशा हिशेबात दुरुस्ती नेहमी हरणार आणि भंगार नेहमी जिंकणार, हे उघड आहे.

जुन्या इंजिनाचा धूर गळती बुजवल्यानंतरही नव्याहून अधिक असू शकतो, हा आक्षेप रास्त आहे. चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला तो १९९५ साली. त्यापूर्वीच्या गाड्यांकडून आजच्या मापाची अपेक्षा करता येणार नाही. पण म्हणूनच धूर मोजावा आणि धुरावरच कर बसवावा. तपासणी केंद्राने संपूर्ण नळी पाहिल्याशिवाय प्रमाणपत्र देऊ नये. दुरुस्तीच्या हक्काची चौकट ठरवण्यासाठी केंद्र शासनाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली, तिच्या कक्षेत मोटारीही होत्या. तो हक्क जुन्या गाड्यांचे सुटे भाग आणि माहिती सुलभपणे मिळण्यापर्यंत पोहोचला पाहिजे.

ज्याला नवी मोटार परवडते, त्याला वयाच्या दंडाची झळ लागत नाही. ती लागते जुनी गाडी जपून वापरणाऱ्या पगारदाराला. त्याने नळी नीट राखली काय अन् न राखली काय, शुल्क तेवढेच असेल, तर ती राखण्याची प्रेरणा त्याला कोण देणार?