ड्यूसचा पाचवा गिअर

दादाच्या गाडीत बसून गप्पा मारायच्या असतील तर एकच उपाय... गाडी थांबवायची!

दादा म्हणजे माझा आतेभाऊ. सॅन होजेला असतो, नोकरी अर्थातच सॉफ्टवेअरमध्ये. वीकेंडला मॉलमध्ये भटकण्याऐवजी हा पठ्ठ्या गॅरेजमध्ये गाडीखाली आडवा. गाडी कोणती? 1932ची फोर्ड रोडस्टर. हॉट रॉडवाले तिला लाडानं ‘ड्यूस’ म्हणतात. फोर्डनं त्या वर्षी सामान्यांच्या खिशाला परवडेल असा व्ही-एट दिला, 65 हॉर्सपॉवरचा. पुढे कॅलिफोर्नियातल्या पोरांनी अशा सेकंडहँड फोर्ड घेतल्या, मडगार्ड काढून फेकले, इंजिनं फुगवली आणि म्युरॉक, एल मिराजच्या कोरड्या तळ्यांवर शर्यती लावल्या. हॉट रॉड ही भानगड तिथली.

दादानं ही गाडी शेजारच्या आजोबांकडून घेतली. त्यांनी ती 1958 मध्ये, अठराव्या वर्षी स्वतः बांधलेली. आता गुडघे क्लच दाबू देत नाहीत, म्हणून विकली. अट एकच, अधूनमधून फिरवून आणायचं.

गोची तिथेच झाली. गिअरबॉक्स मूळचा, तीन गिअरचा. पहिला गिअर चालत्या गाडीत टाकला की सगळ्या गल्लीला कळतं. फ्रीवेवर ताशी 100 किलोमीटरला इंजिन मिनिटाला 3000 फेऱ्या मारत किंचाळतं. आजोबांना आधीच कमी ऐकू येतं. अर्ध्या तासात त्यांनी दादाला परत फिरायची खूण केली. वहिनीनं तर कधीच हात जोडले होते.

दादाचा उपाय : टी-फाइव्ह. बोर्ग-वॉर्नरचा हा पाच गिअरचा बॉक्स एटीजच्या मस्टँगमध्ये असायचा आणि शेव्हीच्या एस-टेन पिकअपमध्येही. दादानं भंगारातून पिकअपवालाच उचलला, कारण त्याचा दांडा बराच पुढे येतो. मस्टँगचा दांडा या गाडीत थेट सीटमधून उगवला असता! पाचव्या गिअरचं प्रमाण 0.72. म्हणजे शाफ्टच्या 100 फेऱ्यांसाठी इंजिनाला 72च माराव्या लागतात. 3000चे झाले साधारण 2200. सोप्पं?

अजिबात नाही. जुन्या फोर्डमध्ये मागे जाणारा शाफ्ट एका बंद नळीत असतो आणि मागची चाकं गाडीला जो जोर देतात तो त्या नळीतूनच पुढे चॅसीला मिळतो. नवा बॉक्स लावला की नळी गेली. मग शाफ्ट नवा, मागचा ॲक्सल नवा आणि तो ॲक्सल जागेवर धरायला वेगळे रॉड. इंजिनाला बॉक्स जोडायला मध्ये ॲडॅप्टर प्लेट. आणि कहर म्हणजे क्लच-ब्रेकची पेडल्स जुन्या बॉक्सवरच बोल्ट केलेली, तेव्हा त्यांनाही नवं घर हवं.

एवढंही चाललं असतं हो. पण नवा बॉक्स बसेना, कारण चॅसीच्या मधोमध ‘के’च्या आकाराची मूळ फ्रेम आडवी येते. ती कापायची. बाकी सगळं नटबोल्ट खोलून परत पहिल्यासारखं करता येतं, हे नाही.

मी तिथेच होते आणि (सवयीप्रमाणे) मध्ये बोलले. “दादा, 1932चं लोखंड आहे रे. बाजीराव रोडवरचा वाडा पाडताना हळहळतोस, आणि हे?” तो ग्राइंडर हातात घेऊन नुसता उभा. मग म्हणाला, “त्यांना विचारू. गाडी त्यांचीच आहे ना अजून.”

आजोबा काठी टेकत आले. वाकून टॉर्चनं बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता रडतात की काय. त्यांनी काठीचं टोक मागच्या बाजूला एका वेड्यावाकड्या जोडावर टेकवलं. 1958 मध्ये हॅकसॉनं त्यांनीच कापलं होतं, वडिलांना न विचारता. मग दादाला म्हणाले, माझ्यापेक्षा सरळ काप!

मला अजूनही ते कापणं शंभर टक्के पटलेलं नाही. पण आवाज ऐकला मी. माझ्या परतीच्या फ्लाइटआधीच्या शनिवारी आम्ही हाफ मून बेला गेलो. चढावर पाचवा गिअर या इंजिनाला झेपत नाही, चौथ्यावर यावं लागतं. स्पीडोमीटर तर सर्रास खोटं बोलतो, नव्या ॲक्सलमुळे त्याचा हिशेबच चुकलाय. पण सपाट रस्त्यावर आजोबा पहिल्यांदा माझ्याशी बोलले. बायकोला पहिल्यांदा याच गाडीतून इथे आणलं होतं, म्हणाले, आणि ती काय बोलली ते इंजिनामुळे ऐकूच आलं नव्हतं.

जुना गिअरबॉक्स दादानं ग्रीस लावून, वहिनीच्या जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलाय. गॅरेजमध्ये, गणपतीच्या मखराच्या खोक्याशेजारी.