टाकीत माणूस उतरतो, कायदा काठावरच थांबतो

9 एप्रिल 2024, गुढीपाडवा. विरारमध्ये एका निवासी संकुलाच्या सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पात चार कामगार गुदमरून मेले. त्याच दिवशी नेवासा तालुक्यातील वाकडी गावात स्लरी साठवलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडले. त्याला काढायला एक जण उतरला, त्याच्यामागे दुसरा, मग तिसरा. सहा जण उतरले आणि पाच जण मेले. सहावा वाचला, कारण त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता.

एका दिवसात नऊ माणसे गेली. बातम्यांत दोन्ही घटनांना 'दुर्दैवी' म्हटले गेले. आम्हाला हा शब्द मान्य नाही. मार्च 2022 मध्ये लोणी काळभोरला सेप्टिक टँकमध्ये चार मेले. मार्च 2023 मध्ये बारामती तालुक्यातील खांडज येथे चार, तर मे 2023 मध्ये परभणीच्या सोनपेठ तालुक्यात पाच. मार्च 2025 मध्ये मुंबईच्या नागपाड्यात बांधकाम सुरू असलेल्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीत चार. केवळ या सहा घटनांत महाराष्ट्राने 26 माणसे गमावली. एकाच पद्धतीने, एकाच क्रमाने माणसे मरत असतील तर दैवाला दोष देऊन चालणार नाही. कारण शोधावे लागते आणि जबाबदार माणूसही शोधावा लागतो. तथागतांनी आपल्याला कार्यकारणभाव शिकवला आहे.

मारते ती हवा

नागपाड्यातली टाकी मैल्याची नव्हती, तरी माणसे मेली. म्हणून आधी हे समजून घेऊ की धोका केवळ घाणीत नाही, बंदिस्त जागेत आहे. सेप्टिक टँक, भुयारी गटाराचे चेंबर, बायोगॅसचा खड्डा, जुनी विहीर, पाण्याची बंद टाकी, धान्याचे कोठार या सगळ्या जागांत आत-बाहेर जायला वाट अरुंद असते आणि हवा खेळत नाही.

मोकळ्या हवेत सुमारे 20.9 टक्के ऑक्सिजन असतो. तो 19.5 टक्क्यांच्या खाली गेला की ती जागा धोक्याची मानली जाते. आणखी खाली गेला की हातपायातले बळ जाते आणि माणसाला शिडी दिसत असूनही चढता येत नाही. मैला कुजतो तिथे हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सुरुवातीला त्याचा सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण हवेत त्याचे प्रमाण दहा लाख भागांत शंभराच्या आसपास गेले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. "वास येत नाही, म्हणजे गॅस गेला" असे म्हणणारा मुकादम म्हणूनच कामगाराला मृत्यूच्या तोंडी देत असतो. प्रमाण सातशे-हजारपर्यंत पोहोचले तर एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो. सोबत मिथेन असतो. तो ऑक्सिजनची जागा घेतो आणि ठिणगी पडली तर पेट घेतो. काडी पेटवून किंवा कंदील सोडून गॅस तपासण्याची जुनी पद्धत त्यामुळेच जीवघेणी आहे.

आणखी एक गोष्ट अनुभवी कामगारांनाही फसवते. वरून हवा ठीक वाटते, पण तळाचा गाळ ढवळला की त्यात अडकलेला वायू एकदम सुटतो. काल उतरलो होतो म्हणून आज सुरक्षित, हा हिशेब इथे चालत नाही.

आणि तोंडाला बांधलेला रुमाल? धुळीचा मास्क? विषारी वायूपुढे त्यांचा काही उपयोग नाही. गाळणी लावलेला चांगला मास्कसुद्धा नसलेला ऑक्सिजन तयार करू शकत नाही. आत जाणाऱ्याला बाहेरून नळीने हवा मिळाली पाहिजे किंवा पाठीवरच्या सिलिंडरमधून.

वाचवायला गेलेला का मरतो

वाकडीत जे घडले ते जगभर घडते. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा संस्थेने 1986 सालीच सांगितले होते की बंदिस्त जागांतील मृतांमध्ये 60 टक्क्यांहून अधिक लोक वाचवायला गेलेले असतात. बाप पडला की मुलगा उडी मारतो, सोबती पडला की दुसरा सोबती. ही माणुसकी आहे, पण शिक्षण नसल्यामुळे तिची किंमत एकाच्या जागी चार जीव होते.

उपाय साधा आहे. आत जाणाऱ्याला पट्टा आणि दोर हवा, तोंडावर तिपाई आणि कप्पी हवी आणि दोराचे टोक धरून सतत लक्ष ठेवणारा एक माणूस बाहेर हवा. त्याने कोणत्याही परिस्थितीत आत उतरायचे नाही. आतला कोसळला तर त्याला वर ओढायचे.

हे ज्ञान नवे नाही. 1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 36 मध्येच ते लिहिलेले होते. टाकी, खड्डा किंवा नळात धोकादायक वायू असण्याची शक्यता असेल, तर सक्षम व्यक्तीने तपासणी करून लेखी दाखला द्यावा. नाहीतर कामगाराला श्वसनसंच आणि कमरेचा पट्टा द्यावा, पट्ट्याला दोर असावा आणि दोराचे दुसरे टोक बाहेरच्या माणसाच्या हाती असावे. कारखान्यातल्या कामगारासाठी जे स्वातंत्र्यानंतर एका वर्षात कायद्यात आले, ते गटारात उतरणाऱ्याला स्पष्ट शब्दांत मिळायला 2013 साल उजाडले. मधल्या 65 वर्षांचे उत्तर तंत्रज्ञानात सापडणार नाही. ते आत कोण उतरत होते या प्रश्नात आहे.

कोण उतरतो?

'नमस्ते' योजनेखाली केंद्र सरकारने गटार आणि सेप्टिक टँक साफ करणाऱ्यांची नोंदणी सुरू केली. 2024 पर्यंत नोंदलेल्या सुमारे 38 हजार कामगारांपैकी जवळपास 69 टक्के अनुसूचित जातींचे होते. इतर मागास वर्ग आणि आदिवासी मिळवले तर हा आकडा 90 टक्क्यांच्या वर जातो. सरकारनेच संसदेत सांगितले की 2019 ते 2023 या पाच वर्षांत अशा धोकादायक सफाईत 377 माणसे मेली. 2022 आणि 2023 मधील 54 मृत्यूंचे सामाजिक लेखापरीक्षण झाले, तेव्हा 49 जणांच्या अंगावर कोणतेही सुरक्षा साधन नव्हते असे आढळले.

आकड्यांचा खेळही पाहा. जुलै 2021 मध्ये सामाजिक न्याय मंत्रालयाने राज्यसभेत सांगितले की हाताने मैला साफ करताना एकही मृत्यू झाल्याची नोंद नाही. आठवडाभरातच त्याच मंत्रालयाने गटार व सेप्टिक टँकमधील 941 मृत्यू मान्य केले. डोक्यावरून मैला वाहणे वेगळे आणि टाकीत उतरणे वेगळे, अशी शब्दांची विभागणी करून माणसे कागदावरून गायब करता येतात.

कायदा काय म्हणतो, फट कुठे आहे

हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा आणि पुनर्वसनाची तरतूद करणारा कायदा 6 डिसेंबर 2013 रोजी, महापरिनिर्वाण दिनी, लागू झाला. त्याचे कलम 7 गटार किंवा सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी कोणालाही कामावर लावण्यास मनाई करते. कलम 9 नुसार पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, तर पुढच्या गुन्ह्याला पाच वर्षे आणि पाच लाखांपर्यंत शिक्षा आहे.

फट 'धोकादायक सफाई'च्या व्याख्येत आहे. सुरक्षा साधने न देता, खबरदारी न घेता करवून घेतलेली सफाई म्हणजे धोकादायक सफाई. याचा अर्थ साधने दिली की माणूस उतरवायला वाट मोकळी. ठेकेदार एक हेल्मेट आणि हातमोज्यांची जोडी दाखवतो आणि सुटतो. बेझवाडा विल्सन यांचे सफाई कर्मचारी आंदोलन या प्रथेचे संपूर्ण उच्चाटन मागते, त्यामागे हा अनुभव आहे.

न्यायालये पुढे गेली आहेत. 27 मार्च 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 1993 पासूनच्या प्रत्येक गटारमृत्यूसाठी 10 लाखांची भरपाई ठरवली. 20 ऑक्टोबर 2023 च्या निकालाने ती 30 लाख केली. जानेवारी 2025 मध्ये मुंबईसह सहा महानगरांत हाताने गटारसफाई बंद करण्याचे आदेश दिले. डिसेंबर 2019 मध्ये गोवंडीतील एका गृहनिर्माण सोसायटीच्या टाकीत तीन कामगार मेले. त्यांच्या विधवा उच्च न्यायालयात गेल्या. 2021 मध्ये न्यायालयाने राज्य सरकारलाच भरपाई द्यायला लावली. सोसायटी खासगी आहे, म्हणून सरकारला हात झटकता येणार नाहीत.

प्रशिक्षण मागायचे की नाही?

आपल्या चळवळीत एक प्रामाणिक प्रश्न विचारला जातो. सुरक्षा साधने आणि प्रशिक्षण मागणे म्हणजे जातीचे काम अधिक नीट करायला शिकणे नव्हे का? 1927 च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस सोडायला सांगितले. त्यांनी ते स्वच्छ करून खायला शिकवले नाही.

हा आक्षेप गंभीर आहे आणि मैल्याच्या बाबतीत आम्हाला तो मान्य आहे. मैल्यात माणूस उतरता कामा नये, कितीही साधने घालून नाही. सक्शन आणि जेटिंग यंत्रे आहेत, केरळमध्ये तयार झालेला 'बँडिकूट' रोबो आहे. दिल्लीत 2019 मध्ये 200 गटारसफाई यंत्रे आणली गेली, तेव्हा दलित उद्योजकांना त्यांची मालकी मिळावी अशी योजना होती. आपली मागणी हीच असावी. यंत्र यावे आणि त्याची मालकी व चालकाची पक्की नोकरी आजवर खाली उतरलेल्यांच्या हाती यावी. नाहीतर यंत्र येईल आणि आपली माणसे बेकार होतील.

पण बंदिस्त जागा तेवढ्याने संपत नाहीत. पाण्याच्या टाक्या, विहिरी आणि प्रक्रिया प्रकल्पांच्या दुरुस्तीला माणूस लागणारच. बाबासाहेब 1942 ते 1946 मजूरमंत्री असताना त्यांनी कोळसा खाणीतल्या कामगारांच्या प्रश्नांत लक्ष घातले. खाणी बंद होईपर्यंत थांबा, असे ते म्हणाले नाहीत. म्हणून उच्चाटन आणि सुरक्षा या दोन्ही मागण्या एकत्र चालल्या पाहिजेत.

आणि प्रशिक्षण म्हणजे भाषण व फोटो नव्हे. गॅस डिटेक्टरने आधी ऑक्सिजन, मग पेट घेणारे वायू, मग विषारी वायू तपासणे. वर, मध्ये आणि तळाशी, तिन्ही ठिकाणी तपासणे आणि काम चालू असतानाही तपासत राहणे. पंख्याने बाहेरची हवा आत सोडणे. सिलिंडरमधला शुद्ध ऑक्सिजन कधीही न सोडणे, कारण त्याने आग भडकते. लेखी परवाना घेणे. कोसळलेल्याला आत न उतरता वर काढण्याचा सराव करणे. आणि सर्वांत महत्त्वाचे, "मी उतरणार नाही" असे म्हणण्याचा अधिकार. रोजंदारी तुटण्याच्या भीतीने हा अधिकार वापरता येत नसेल, तर बाकीचे प्रशिक्षण कागदावरच राहते.

आपण काय करू शकतो

प्रत्येक विहार समितीने वर्षातून एक रविवार यासाठी ठेवावा. वस्तीतील सफाई, प्लंबिंग आणि बांधकामावरचे कामगार बोलवावेत आणि वरच्या गोष्टी दोर-पट्ट्यासह करून दाखवाव्यात. अग्निशमन दलाच्या जवानांना बोलवावे. महिलांना आणि मुलांनाही सांगावे, कारण उडी घरचेच मारतात.

आपण राहतो त्या सोसायटीत टाकी साफ करायचे ठरले की विचारावे, यंत्र येणार की माणूस? माणूस उतरवला जात असेल तर 14420 या हेल्पलाइनवर आणि नगरपालिकेत लगेच तक्रार करावी.

दुर्घटना घडलीच, तर पोलीस बहुधा अकस्मात मृत्यू नोंदवून मोकळे होऊ पाहतात. तिथे आपले कार्यकर्ते हवेत. 2013 च्या कायद्याची कलमे 7 आणि 9 लावण्याची लेखी मागणी करावी. मृत अनुसूचित जातीचा असेल तर ॲट्रॉसिटी कायद्याचे कलम 3(1)(जे) तपासायला लावावे. ठेकेदारासोबत काम देणाऱ्याचे नाव फिर्यादीत आहे का, ते पाहावे. 30 लाखांचा आदेश कुटुंबाच्या हाती द्यावा आणि किरकोळ रक्कम देऊन कोऱ्या कागदावर सही घेतली जाणार नाही, याची काळजी घ्यावी.

वाकडीचा सहावा माणूस एका दोरामुळे वाचला. तो दोर शेकडो रुपयांचा असेल, हजारांचा नाही. तेवढाही दोर ज्यांच्या कमरेला बांधला गेला नाही, त्यांच्या बाजूने उभे राहणे हे आपले काम आहे.

जय भीम.